मोठ्याने बोल, ओरडू नकोस

आईला दोन दिवस कणकण होती. काखेत थर्मामीटर धरून ती खिडकीपाशी बसली होती आणि मी समोर. मिनिटभरात तो वाजला. बारीक, टोकदार, लागोपाठ. आई तशीच बसून. मला वाटलं, आता काढेल. थर्मामीटर वाजून वाजून गप्प झाला तरी तिचा हात अंगाशी घट्ट.

"अगं, वाजला ना," मी म्हणाले.

तिने माझ्याकडे पाहिलं. "कधी?"

ताप नव्हताच. पण ते 'कधी?' माझ्या मनातून जाईना. आदल्याच रात्री लांब कुठेतरी ढग गडगडले होते आणि माझ्या आधी तिने मान वर केली होती. कित्येक किलोमीटरवरचं ढगांचं गुरगुरणं जिला ऐकू येतं, तिला स्वतःच्या काखेतलं यंत्र ऐकू येऊ नये?

त्याच्या आधीचं वर्षभर आमच्यात एकच भांडण फिरून फिरून होत होतं. मी काही बोलले की ती म्हणायची, "मोठ्याने बोल गं." मी आवाज चढवला की, "ओरडतेस कशाला? बहिरी नाहीये मी." मला वाटायचं, हिचं काहीही केलं तरी खटकतंच. ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. ते कळायला तिची तपासणी व्हावी लागली, आणि तपासणीनंतर मला कान नावाच्या अवयवाशी बरेच दिवस झटावं लागलं.

तपासणीची खोली लहान होती, भिंतींना जाड मऊ आवरण. दार लागलं की बाहेरचं जग पुसल्यासारखं होतं. आईच्या कानांवर हेडफोन, हातात एक बटण. मी काचेच्या अलीकडे, तपासणाऱ्या मुलीच्या शेजारी. ती म्हणाली, "अगदी बारीक आवाज आला तरी दाबायचं हं, आजी." मग ती एकेक सूर सोडत गेली. तिच्या समोरचा दिवा आईने बटण दाबलं की लागायचा. जाड सुरांना दिवा पटापट लागत होता. सूर उंच होत गेले आणि दिवा थांबला. ती मुलगी आवाज वाढवतेय, आणखी वाढवतेय, आणि आई काचेपलीकडे डोळे मिटून, बटणावर अंगठा ठेवून, कानात प्राण आणून वाट पाहतेय. माझ्या इतक्या जवळच्या माणसाला एखादी गोष्ट ऐकू येत नाहीये, हे मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहत होते.

मग हातात कागद आला. उजव्या कानासाठी लाल गोल, डाव्यासाठी निळ्या फुल्या. आडव्या ओळीत २५० हर्ट्झपासून ८००० हर्ट्झपर्यंत सूर, उभ्या ओळीत डेसिबल, म्हणजे ऐकू यायला आवाज किती मोठा लागतो ते, वरून खाली वाढत जाणारे. १००० हर्ट्झपर्यंत दोन्ही रेषा वरच्या बाजूला, जवळजवळ सपाट. तिथून पुढे त्या कड्यावरून उतरल्यासारख्या खाली गेल्या होत्या. शेवटी कानामागच्या हाडाला एक छोटं कंपन करणारं यंत्र लावून पुन्हा मोजणी झाली. तिथेही तोच उतार. "म्हणजे पडदा आणि बाहेरची यंत्रणा ठीक आहे," ती मुलगी म्हणाली, "जे झालंय ते आतल्या कानात."

आतल्या कानात म्हणजे कुठे? घरी आल्यावर मी अगदी मुळापासून सुरुवात केली.

ध्वनी म्हणजे हवेची लाट, हे शाळेत पाठ केलेलं होतं. पण त्यातली गंमत तेव्हा निसटली होती. मी बोलते तेव्हा माझ्या तोंडाजवळची हवा आईपर्यंत जात नाही. लांबलचक रांगेत मागच्याने पुढच्याला हलकासा धक्का द्यावा, त्याने त्याच्या पुढच्याला, आणि धक्का पार टोकापर्यंत पोहोचावा, पण माणूस मात्र आपापल्या जागीच डुलून परत उभा राहावा, तसं हवेचे रेणू वागतात. क्षणभर दाटी, क्षणभर विरळ. शाळेच्या पुस्तकात यालाच संपीडन आणि विरलन म्हटलेलं असतं. एका सेकंदात हा दाटी-विरळाचा फेरा किती वेळा होतो, ते हर्ट्झमध्ये मोजायचं. निरोगी तरुण कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं. वीस अंश सेल्सिअसच्या हवेत हा धक्का सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. म्हणजे सर्वांत जाड सुराची एक लाट १७ मीटर लांब असते आणि सर्वांत बारीक सुराची जेमतेम १७ मिलिमीटर. एक लाट घरभर पसरलेली, दुसरी नखाएवढी, आणि दोन्ही त्याच दोन छिद्रांतून आत येतात.

हा वेग मला आईनेच शिकवला होता, आकडा न सांगता. लहानपणी वीज चमकली की मी घाबरायचे. ती मला मोजायला लावायची. चमकलं की एक, दोन, तीन... गडगडेपर्यंत. जो आकडा येईल त्याला तीनाने भाग, तितके किलोमीटर लांब. मोजण्याच्या नादात भीती मागे पडायची. प्रकाश लगेच दिसतो, आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंदांच्या जरा कमीच लागतात, हे गणित त्यामागे होतं.

१८२६ साली जिनिव्हा सरोवरावर दोन माणसांनी हेच मोजणं पाण्यात केलं. एका नावेतून पाण्याखाली घंटा वाजवायची आणि त्याच क्षणी वर बंदुकीच्या दारूचा भडका उडवायचा. तेरा किलोमीटरहून दूर, रात्रीच्या अंधारात, दुसऱ्या नावेत त्या दोघांतला ज्याँ-दानिएल कोलादों पाण्यात बुडवलेल्या नळीला कान लावून बसलेला. भडका दिसला की घड्याळ सुरू, घंटा ऐकू आली की बंद. आठ अंशांच्या पाण्यात सेकंदाला १४३५ मीटर असं उत्तर आलं. आजच्या मोजमापाच्या ते इतकं जवळ आहे की थक्क व्हायला होतं. साधन काय, तर एक नळी आणि एक कान.

पण त्या कानाची खरी करामत वेगात नाही, नाजूकपणात आहे. आपल्या भोवतीच्या हवेचा दाब सुमारे एक लाख पास्कल असतो. ऐकू येणारा सर्वांत क्षीण आवाज या दाबात फक्त २० मायक्रोपास्कलचा फरक करतो. पाच अब्ज भागांतला एक भाग. एवढ्याशा धक्क्याने कानाचा पडदा हलतो तो हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाहूनही कमी. मी हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. आणि हाच कान त्या क्षीण आवाजाच्या दहा लाख पट दाबाचा आवाजही सहन करतो, दुखत दुखत का होईना. एवढा प्रचंड पल्ला पेलायला आत काहीतरी युक्ती असणारच.

पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं असतात, हे सगळ्यांना माहीत असतं. रिकीब हे शरीरातलं सर्वांत लहान हाड, तीन मिलिमीटरचं. ती का असतात हे मात्र शाळेत कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. आतला कान द्रवाने भरलेला आहे, आणि हवेतला आवाज द्रवावर आदळला की जवळजवळ सगळा परत फिरतो. म्हणून तर पोहताना पाण्याखाली गेलं की काठावरची बडबड एकदम बंद होते. ही तीन हाडं मोठ्या पडद्यावरचा दाब रिकिबीच्या इवल्याशा तळव्यावर एकवटतात. पडदा त्या तळव्याच्या सुमारे सतरा पट मोठा, त्यात हाडांच्या तरफेचा थोडा फायदा, असा मिळून दाब वीसपटीहून जास्त वाढतो आणि आवाज द्रवात शिरतो.

तिथे आहे कर्णावर्त. गोगलगाईच्या शंखासारखी अडीच-पावणेतीन वेढ्यांची नळी, सरळ केली तर सुमारे ३५ मिलिमीटर. तिच्या आतून एक पातळ पट्टी जाते. दाराशी अरुंद आणि ताठ, टोकाशी रुंद आणि सैल. बारीक सूर दाराशीच पट्टी हलवून संपतात, जाड सूर पार आतल्या टोकापर्यंत जातात. पट्टीवर केसपेशींच्या रांगा असतात. आतली एक रांग, साधारण साडेतीन हजार पेशींची, आणि बाहेरच्या तीन रांगा मिळून सुमारे बारा हजार. पट्टी हलली की पेशींच्या माथ्यावरचे बारीक तंतू वाकतात, वाकले की सूक्ष्म दारं उघडतात, विद्युतभारित कण आत शिरतात, आणि मज्जातंतूला निरोप मिळतो.

इथे एक कोडं होतं आणि ते मला फार आवडतं. मेंदूकडे जाणाऱ्या बहुतेक सगळ्या तारा आतल्या एका रांगेला जोडलेल्या आहेत. मग बाहेरच्या तीन रांगा कशासाठी?

ग्योर्ग फॉन बेकेशी हा हंगेरीच्या टपाल खात्यात टेलिफोनवर काम करणारा शास्त्रज्ञ. त्याने मृत माणसांचे कर्णावर्त उघडून, सूक्ष्मदर्शकाखाली त्या पट्टीवरून सरकणारी लाट प्रत्यक्ष पाहिली. यासाठी त्याला १९६१ चं नोबेल मिळालं. पण त्याला दिसलेली लाट पसरट होती. इतकी पसरट, की त्यावरून जवळजवळचे दोन सूर वेगळे ओळखता येऊ नयेत. आपण तर ते सहज ओळखतो. १९४८ मध्येच, युद्धकाळात रडारवर काम केलेल्या थॉमस गोल्ड या तरुणाने म्हटलं होतं की जिवंत कान नुसता ऐकत नसणार, तो स्वतःची शक्ती घालून आवाज वाढवत असणार, आणि असं असेल तर कधीकधी कानातून आवाज बाहेरही यायला हवा. ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. तीस वर्षांनी, १९७८ मध्ये, डेव्हिड केंप या संशोधकाने कानात एक छोटा मायक्रोफोन बसवला, एक 'टिक' सोडली आणि थांबला. काही सहस्रांश सेकंदांनी कानातून उत्तर आलं. साध्या प्रतिध्वनीला लागावा त्याहून खूप उशिरा. कान बोलत होता.

मृत कान पाहिल्यामुळे बेकेशीला जे दिसलं नाही ते हेच. १९८५ मध्ये विल्यम ब्राउनेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की बाहेरच्या रांगांतल्या केसपेशी विजेच्या इशाऱ्यावर लांब-आखूड होतात. आवाजाच्या तालावर त्या नाचतात आणि पट्टीला आणखी हलवतात. आणि यातली नेमकी मेख अशी की त्या मदत करतात ती क्षीण आवाजाला. हळू आवाजाला चाळीस-पन्नास डेसिबलची जोड देतात, मोठ्या आवाजाला जवळजवळ काहीच नाही. तो मघाचा प्रचंड पल्ला याच युक्तीने आवाक्यात येतो. आज नवजात बाळाचा कान तपासतात तो याच उत्तराच्या आधारे. झोपलेल्या बाळाच्या कानात टिकटिक करायची आणि त्याचा कान काय म्हणतो ते ऐकायचं. बाळाला काही कळायच्या आधी त्याचा कान हुंकार देतो. विज्ञानातल्या इतक्या सुंदर गोष्टी मला फार थोड्या माहीत आहेत.

आणि इथेच मला आई सापडली.

वय वाढतं तशा आधी झिजतात त्या याच बाहेरच्या पेशी, आणि त्यातही दाराजवळच्या, बारीक सुरांच्या. पक्ष्यांच्या कानात मेलेल्या केसपेशींच्या जागी नव्या येतात. आपल्यात येत नाहीत. जन्माला येताना मिळालेल्या, तेवढ्याच. आईच्या कागदावरचा तो कडा म्हणजे गेलेल्या पेशींची रांग होती. ढगांचा गडगडाट नळीच्या आतल्या टोकाशी, जिथे अजून गर्दी आहे. थर्मामीटरची टीटी काही हजार हर्ट्झची, दाराशी, जिथे आता ओसाड आहे.

हळू आवाजाला हात देणाऱ्या पेशी गेल्या, म्हणून हळू बोललेलं तिच्यापर्यंत पोहोचत नाही. "मोठ्याने बोल." पण आवाज एकदा पुरेसा मोठा झाला की त्याला त्या पेशींची गरज नसतेच. तो तिला ऐकू येतो तो माझ्याइतकाच मोठा. 'ऐकू येत नाही' आणि 'नको इतका मोठा' यांच्यामध्ये माझ्या कानात ऐसपैस अंगण आहे, तिच्या कानात अरुंद बोळ उरलाय. मी जरा आवाज चढवला की तो बोळ ओलांडून पलीकडे. "ओरडतेस कशाला?" वर्षभर ती मला आपल्या कर्णावर्ताचं अचूक वर्णन करून सांगत होती.

अजून एक गोष्ट होती. ती नेहमी म्हणायची, "आवाज येतो गं, काय म्हणतेस ते कळत नाही." यालाही मी तिचं लक्ष नसणं समजत होते. आपल्या बोलण्यातले स्वर जाड असतात. 'आ', 'ऊ', 'ओ' यांचं बळ बरंचसं १००० हर्ट्झच्या खाली. व्यंजनं मात्र बारीक आणि दुबळी. 'स' तर चार हजार हर्ट्झच्याही वर सळसळतो. स्वर आवाज वाहून आणतात, पण शब्द कोणता ते ठरवतात व्यंजनं. एकदा ती एक जाडजूड पुस्तक वाचत होती. मी विचारलं, किती राहिलंय? तिने शेवटचं पान पाहून सांगितलं, मग मी म्हटलं, "म्हणजे साठ पानं." ती वैतागली. "आठ कशी? साठ आहेत." 'साठ' मधला 'स' काढून पाहा. 'काठ', 'पाठ', 'ताठ', 'गाठ', सगळ्यांचा पहिला अर्धा घास काढून घ्या. प्रत्येक वेळी हातात 'आठ' उरतो. आई दिवसभर अशा उरलेल्या शब्दांतून मूळ शब्द ओळखत होती, मागचापुढचा संदर्भ लावत, ओठ पाहत. संध्याकाळी ती थकून लवकर झोपायची, ते का, हेही तेव्हा उमगलं.

ओरडलं की काय होतं? ओरडताना आपण स्वर फुगवतो. 'स' कितीही जीव तोडून ओरडून पाहा, तो फारसा वाढत नाही. म्हणजे मी ओरडत होते तेव्हा तिला जे आधीच ऐकू येत होतं तेच आणखी देत होते, आणि जे हवं होतं ते त्याखाली दडपत होते. हे लिहिताना आजही घशाशी येतं.

मग मी बोलण्याची रीत बदलली. स्वयंपाकघरातून हाक मारणं सोडलं. समोर जाऊन, तिचं लक्ष आहे हे पाहून, उजेडात चेहरा ठेवून बोलायचं. आवाज नेहमीचाच, फक्त गती कमी आणि शब्दांच्या कडा स्पष्ट. कळलं नाही तर तेच वाक्य तीनदा म्हणण्याऐवजी वेगळ्या शब्दांत सांगायचं. टीव्ही चालू असताना महत्त्वाचं काही बोलायचं नाही, कारण गोंगाटातून एक आवाज वेगळा काढायचं काम दोन कान आणि मेंदू मिळून करतात. उजव्या आणि डाव्या कानाला आवाज पोहोचण्यात जास्तीत जास्त सेकंदाच्या दीडहजाराव्या भागाइतका फरक असतो, आणि मेंदू त्यावरून दिशा ओळखतो. निरोप अर्धवट आला की तेही काम अवघड होतं.

पुढे श्रवणयंत्रं आली, दोन्ही कानांना. त्यांच्या आतलं गणितही मेलेल्या पेशींचंच आहे. बारीक सुरांना जास्त जोर, हळू आवाजाला जास्त आणि मोठ्याला कमी. पेशींसारखं नाजूक ते जमत नाही. पहिले काही दिवस तिला स्वतःच्या चपलांचा आवाज सहन होईना, वर्तमानपत्राचं पान उलटलं की दचकायची. मेंदूला हे विसरलेले आवाज पुन्हा ओळखीचे व्हायला काही आठवडे गेले. अजूनही गर्दीत ती यंत्रं काढून हातात धरते. मी काही म्हणत नाही.

रात्री झोपताना ती यंत्रं काढून डबीत ठेवते. परवा असंच झालं. डबीचं झाकण लागलं, दिवा मालवला, आणि खिडकी लख्ख पांढरी झाली. मी बोलणार होते, पण यंत्रं डबीत होती, अंधारात ओठ दिसले नसते. तेवढ्यात माझ्या हातावर तिचं बोट टेकलं. एक. मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. ती माझ्या मनगटावर मोजत होती. नवव्या टेकणीला लांबून गडगडाट आला आणि तिचं बोट त्याच क्षणी थांबलं.

"तीन," ती अंधारात म्हणाली. "लांब आहे अजून."